१९३८चं चीन वैद्यकीय पथक : कोटणीसांना घेऊन कोण गेलं, आणि परत कुणी बोलावायचं होतं?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हटलं की बहुतेकांना व्ही. शांताराम यांचा १९४६चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट आठवतो. पडद्यावर एकच नायक असतो, त्यामुळे कोटणीस एकटेच चीनला गेले असा अनेकांचा समज होऊन बसलाय. प्रत्यक्षात ते पाच डॉक्टरांचं पथक होतं. त्याला प्रमुख होता, ठरलेली मुदत होती, लोकवर्गणीचा पैसा होता. तरुण स्वयंसेवकांना घेऊन परमुलखात, तेही युद्धात, जायचं म्हणजे काय काय निभवावं लागतं हे या पथकाच्या चार-पाच वर्षांत जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल. म्हणून ही माहिती पथकाच्या बाजूने.

पथक कसं जमलं

जुलै १९३७मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जूनला जाहीर आवाहन केलं आणि ७ ते ९ जुलै या दिवसांत देशभर ‘चीन निधी’ गोळा झाला. आकडा २२ हजार रुपयांचा सांगतात. त्यातून पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका पाठवायचं ठरलं.

देश पारतंत्र्यात. पासपोर्ट इंग्रज सरकारच्या हातात. निवड झालेल्या बंगालमधल्या एका डॉक्टरला सरकारने पासपोर्टच दिला नाही आणि त्यांच्या जागी कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आले. म्हणजे पथकात कोण असणार हे निघायच्या आधीच थोडंफार दुसऱ्याने ठरवलं.

पाच जण असे होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर. आणि तीन तरुण : बसू, डॉ. देबेश मुखर्जी आणि कोटणीस. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, म्हणजे निघताना वय २७. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले होते आणि पुढच्या पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत होते. बसू २६ वर्षांचे.

अटलांची निवड उगाच झालेली नव्हती. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी डॉक्टर म्हणून काम केलेलं होतं. बॉम्ब पडत असताना इस्पितळ कसं चालवायचं, माघार घ्यावी लागली तर जखमींना कसं हलवायचं, हे पाहिलेला पाचांतला तो माणूस. बाकीच्यांचं युद्धाचं ज्ञान वर्तमानपत्रातलं.

घरच्यांचं तर विचारूच नका. कोटणीसांच्या बहिणीने पुढे सांगितलंय की चीन म्हणजे काय हे त्या काळी सोलापुरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. चिनी माणूस म्हणजे दारोदार रेशमी कापड विकायला येणारा, एवढीच ओळख. आई फार कष्टी झाली. मुदत एक वर्षाची आहे, हाच काय तो दिलासा.

मुंबई ते चुंगकिंग

१ सप्टेंबर १९३८ला ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघालं. हाँगकाँगवरून सप्टेंबरच्या मध्याला कँटनला (आजचं ग्वांगझू) पोचलं, तिथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी स्वागत केलं. पुढे हँकाव. तिथे चिनी रेडक्रॉसच्या व्यवस्थेखाली काम सुरू झालं, पण जपानी फौजा इतक्या जवळ आल्या होत्या की महिन्याभरातच मागे सरकावं लागलं. ऑक्टोबर १९३८मध्ये हँकाव पडलं. पथक यांगत्से नदीने वर चुंगकिंगला (आजचं चोंगछिंग) गेलं.

इथे एक जरा किचकट भाग आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. चीनमध्ये तेव्हा दोन सत्ता होत्या. च्यांग कै-शेक यांचं राष्ट्रीय सरकार आणि उत्तरेत कम्युनिस्टांचा इलाखा. जपानविरुद्ध दोघांनी आघाडी केलेली, पण एकमेकांवर विश्वास नाही. परदेशातून आलेली मदत रेडक्रॉसमार्फत सरकारच्या हाताखाली यायची. भारतीय पथकाला मात्र जायचं होतं येनानला, जिथून मदतीची हाक आली होती आणि जिथे डॉक्टरांचा दुष्काळ होता. प्रमुखाच्या जागी बसून पाहा. ज्या सरकारच्या परवान्यावर तुम्ही देशात आहात त्याला न दुखावता त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे जायचंय, आणि सोबतची पोरं रोज विचारतायत की आपण निघणार कधी. हँकावमध्येच चौ एन-लाय यांच्याशी भेटी झाल्या होत्या. परवानगी मिळवण्यात आणि वाट पाहण्यात काही महिने गेले. या काळात पथक चुंगकिंगच्या इस्पितळात काम करत राहिलं, रिकामं बसलं नाही.

त्याच वर्षी कॅनडा-अमेरिकेतून आलेल्या नॉर्मन बेथ्यून यांच्या छोट्या पथकाची गत वेगळी झाली. ते अंतर्गत भांडणातून हँकावलाच फुटलं. प्रमुख एकीकडे, आणि बेथ्यून एका परिचारिकेला घेऊन उत्तरेकडे. भारतीय पथक पाचच्या पाच जणांनिशी येनानला पोचलं, याचं श्रेय अटल आणि चोळकर या दोन बुजुर्गांना द्यायला हवं. ते फारसं कुणी देत नाही.

चुंगकिंगमध्येच पाचही जणांना चिनी नावं मिळाली. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी ती सुचवली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन. कोटणीस झाले ख ति-ह्वा.

सोलापूरची तार

जानेवारी १९३९. येनानला निघायची तयारी झाली होती आणि कोटणीसांना वडील गेल्याची बातमी आली. घरी आई आणि भावंडं. परत जा, कुणी काही म्हणणार नाही, असं सोबत्यांनी सांगितलं. कोटणीसांचं म्हणणं, वर्षभराचा शब्द दिलाय, तो पुरा केल्याशिवाय जाणार नाही.

चित्रपटवाल्यांना आणि भाषणकर्त्यांना हा प्रसंग त्यागाचा म्हणून आवडतो, आणि त्यात त्याग होताच. पण त्यातली व्यवहाराची बाजूही बघायला हवी. परतीचा दरवाजा उघडा होता आणि तो उघडा असल्याचं सोबत्यांनी तोंडाने सांगितलं. ‘आता माघार नाही’ असं कुणी त्यांच्यावर लादलं नाही. स्वयंसेवक आणि पगारी शिपाई यांतला फरक इथेच असतो. आणि दुसरं, मुदत ठरलेली होती म्हणून कोटणीसांना स्वतःलाही उत्तर देता आलं. ‘एक वर्ष’ हा शब्द नसता तर तो तरुण मनात किती दिवस झुरत बसला असता कोण जाणे.

येनान आणि पुढची गळती

१२ फेब्रुवारी १९३९ला पथक शिआनमार्गे येनानला पोचलं. डोंगरात कोरलेल्या गुहांत राहणं, गुहांतच इस्पितळ. जपानी विमानांनी गाव आधीच उद्ध्वस्त केलेलं. स्वतः माओ त्से-तुंग भेटले. इथे आधीपासून असलेले अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हातेम यांच्याबरोबर पथकाने काम केलं.

नंतर एकेक जण कमी होत गेला. १९३९मध्येच मुखर्जी आजारपणामुळे आणि चोळकर वयोमानामुळे मायदेशी परतले. राहिले तिघे. नोव्हेंबर १९३९मध्ये अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून आघाडीकडे निघाले, घोड्यावर आणि पायी, जपानी चौक्यांच्या मधून. शान्सी प्रांतातल्या सेनेच्या मुख्यालयात चू ते यांची गाठ पडली. तिथून पुढे अटलांच्या त्वचारोगाने इतका जोर केला की १९४०च्या सुरुवातीला त्यांनाही परतावं लागलं.

आता नीट पाहा. वयाने मोठी, अनुभवी, पथक चालवणारी दोन्ही माणसं परत गेली. मागे राहिले ते दोन तरुण. ठरलेलं एक वर्ष केव्हाच उलटून गेलेलं. बसू आणि कोटणीस आणखी पूर्वेला, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या सीमाभागात गेले. तिथे सेनापती नये रुंग-चेन यांचा तळ होता. काही काळाने बसूंना येनानला परत बोलावलं गेलं. कोटणीस तिथेच राहिले, पथकातले एकटे.

१९४०च्या लढायांत त्यांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले आणि एकदा सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. जानेवारी १९४१मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे ते संचालक झाले. (बेथ्यून स्वतः १२ नोव्हेंबर १९३९ला वारले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनलं.) चिनी भाषा ते बोलायला, वाचायला शिकले, चिनीतून शिकवू लागले, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. डिसेंबर १९४१मध्ये परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ला मुलगा झाला. त्याचं नाव यिन-ह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

परत बोलावणारं कुणी नव्हतं

याच काळात कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे आपल्या बोलीत फेफऱ्याचे, झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडीवरून मागे जा, असं चिनी वरिष्ठांनी सुचवलं, ते गेले नाहीत, असं सांगतात. आता इथे पथकप्रमुख असता तर? प्रमुखाची सगळ्यात नावडती जबाबदारी म्हणजे राहायचा हट्ट धरणाऱ्या चांगल्या माणसाला घरी पाठवणं. यजमान ते करू शकत नाही. तो पाहुण्याला विनंती करतो, फार तर आग्रह करतो. ‘मी तुला आणलंय, मी तुला परत नेतोय’ हे घेऊन आलेल्यानेच म्हणायचं असतं. अटल जाऊन तोवर अडीच-पावणेतीन वर्षं झाली होती, आणि बसू शेकडो मैल दूर येनानला.

भारतातून कुणी बोलवावं, तर तिथली स्थिती बघा. पथक पाठवणारे सुभाषबाबू १९४२मध्ये जर्मनीत होते. चू ते यांनी ज्यांना पत्र लिहिलं ते नेहरू, भारत छोडोच्या ठरावानंतर ९ ऑगस्टला अटक होऊन, अहमदनगरच्या किल्ल्यात. पथकाचा कागदोपत्री वाली असलेली काँग्रेस बंदी घातलेली संघटना झाली होती. वाटाही बुजल्या होत्या. डिसेंबर १९४१ला हाँगकाँग जपान्यांनी घेतलं, १९४२मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथून चीनला जाणारा रस्ता बंद झाला. सोलापूरचं पत्र आघाडीवर पोचायचं कसं?

९ डिसेंबर १९४२ला झटका आला आणि त्यातच डॉ. कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. अटल आजारी होते, म्हातारे होत चालले होते, आणि जाताना त्यांनी मागे ठेवले ते दोघे पूर्ण तयार डॉक्टर होते. पण मोहीम आखताना ‘प्रमुख परतला तर त्याच्या जागी कोण’ आणि ‘मुदत संपल्यावर पुढचा निर्णय कुणाचा’ हे दोन प्रश्न मोकळे राहिले. पारतंत्र्यातल्या देशाने वर्गणी काढून केलेल्या उद्योगात ते राहणारच.

नंतर

बसू १९४३मध्ये भारतात परतले. त्यांची रोजनिशी हा या पथकाचा सगळ्यात जवळचा दस्तऐवज आहे आणि ती १९८६मध्ये इंग्रजीत छापून निघाली. ज्यांना चित्रपटापलीकडे जायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी. चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर बेतलेला आहे आणि बऱ्याच ठिकाणी मोकळा सुटलेला आहे. पडद्यावर नायिका तान्ह्या बाळाला घेऊन सोलापूरला येते. प्रत्यक्षात क्वो छिंग-लान चीनमध्येच राहिल्या, नंतर भारतात येऊन गेल्या, आणि २०१२मध्ये ताल्येन शहरात वारल्या. यिन-ह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७मध्ये, २४ वर्षांचा असताना गेला.

कोटणीसांची समाधी आता हेबेई प्रांतातल्या शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. चिनी नेते मुंबईत आले की कोटणीस कुटुंबाला भेटायची प्रथाच पडून गेली : २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष हू चिन-ताव भेटले, २०१३मध्ये पंतप्रधान ली ख-छ्यांग. सोलापुरात राहत्या घरी स्मारक आहे. विजयपूर, कलबुर्गीकडून सोलापूरला येणं-जाणं असणाऱ्यांना ते वाटेतच पडतं.

बसू १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, तिथे सुया टोचून करायचा उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, शिकून आले आणि कलकत्त्यात तो सुरू केला. पुढे कोटणीसांच्या नावाने समिती उभी राहिली. पंजाबात लुधियानाला ‘डॉ. कोटणीस ॲक्युपंक्चर हॉस्पिटल’ आजही आहे.