वाराणसीतील जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे शिक्षण

वैद्यकीय उपकरणांची रचना, निर्मिती आणि देखभाल यांचा अभ्यास जैववैद्यकीय अभियांत्रिकीत केला जातो. सार्वजनिक विद्यापीठांत या विषयाचे शिक्षण देणाऱ्या देशातील जुन्या केंद्रांपैकी एक वाराणसीत आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत १९७८ मध्ये ‘स्कूल ऑफ बायोमेडिकल इंजिनिअरिंग’ची स्थापना झाली. मराठी माणसाला काशी ठाऊक असते ती प्रामुख्याने घाटांमुळे. त्यांतील काही घाट तर मराठी राजघराण्यांनीच बांधले. मात्र शहराच्या दक्षिण टोकाला, लंका भागालगत, पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये उभारलेले हे विद्यापीठ ही काशीची दुसरी ओळख आहे.

विद्यापीठातील अभियांत्रिकी महाविद्यालय १९१९ चे. पुढे खाणकाम व धातुशास्त्र आणि तंत्रज्ञान ही दोन महाविद्यालये त्यात विलीन होऊन १९६८ मध्ये तंत्रज्ञान संस्था अस्तित्वात आली. वैद्यकीय महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले आणि १९७१ मध्ये त्याला आयुर्विज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. त्यामुळे १९७८ मध्ये नवा विभाग सुरू झाला तेव्हा कार्यशाळा आणि सर सुंदरलाल रुग्णालय एकाच आवारात होते. या विषयात अशा शेजाराचे मोल फार मोठे असते. तंत्रज्ञान संस्थेचे २०१२ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ‘आयआयटी बीएचयू’मध्ये, रूपांतर झाले. रुग्णालय आणि आयुर्विज्ञान संस्था विद्यापीठाकडेच राहिल्या. आवार तेच असले, तरी प्रशासन आता दोन आहे.

रुग्णालयाची ही जवळीक का हवी, हे हृदयालेखाच्या उदाहरणावरून ध्यानात येते. त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युतसंकेत जेमतेम एका मिलिव्होल्टच्या आसपास असतो. भोवतालच्या वीजपुरवठ्याची, सेकंदाला ५० आवर्तनांची, गुणगुण त्यात सहज मिसळते. रुग्णाने श्वास घेतला किंवा किंचित हालचाल केली, तरी आलेखाची आधाररेषा हेलकावे घेते. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला उपाय सोपा वाटतो: नको असलेली कंपने गाळून टाकावीत. परंतु मंद बदल जास्त प्रमाणात गाळले गेले, तर ‘एस-टी’ खंडाचा आकार बिघडतो, आणि हृदयाचा रक्तपुरवठा खंडित झाला आहे काय, हे डॉक्टर नेमके त्याच खंडावरून पाहतात. रेषा देखणी होते, निदान मात्र चुकू शकते. कोणता दोष सहन करायचा आणि कोणता नाही, याचे उत्तर केवळ गणितात सापडत नाही. त्यासाठी रुग्णशय्येपाशी जावे लागते.

प्रवेशाच्या बाबतीत मात्र अनेक कुटुंबांची फसगत होते. नावात ‘वैद्यकीय’ असले, तरी आयआयटीतील पदवीप्रवेशाची वाट जेईई परीक्षेतूनच जाते, आणि त्या परीक्षेत गणित असते, जीवशास्त्र नसते. अकरावीलाच गणित सोडून केवळ नीटची तयारी करणाऱ्यांसाठी हा मार्ग बंद होतो. उलट, जीवशास्त्राला रामराम ठोकून आलेल्यांना शरीररचना आणि शरीरक्रिया पहिल्यापासून शिकावी लागते. वाराणसीचा पदवी व पदव्युत्तर पदवी एकत्र देणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम प्रवेशयादीत ‘बायो इंजिनिअरिंग’ या नावाने येत आला आहे. ‘बायोमेडिकल’ हा एकच शब्द शोधणाऱ्याच्या नजरेतून तो निसटू शकतो. एम.टेक.साठी गेट परीक्षा महत्त्वाची असून, त्या परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२० पासून आहे. कोणत्या शाखेची पदवी आणि कोणती प्रश्नपत्रिका ग्राह्य धरली जाईल, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

पदवीनंतरच्या कामाचे स्वरूपही पालटले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यातून देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाराला आला. वैद्यकीय उपकरणांसाठीचे नियम २०१७ मध्ये जाहीर झाले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. साहजिकच चाचणी, प्रमाणीकरण आणि परवान्याची कागदपत्रे जाणणारे अभियंते उद्योगांना हवे आहेत. ज्यांना नवे उपकरण घडवायचे आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईतील ‘बेटिक’ हे केंद्र असून, नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी यांच्याशीही त्याचा उपक्रम जोडला गेला.