गोव्यातल्या चर्चच्या शाळा: दोतोर्न, दो-रे-मी आणि कोंकणी

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की इतिहासाचा विषय नसलेल्या माणसाने इतिहासाचं साधन कसं वाचायचं. मी स्वतः एम.एस्सी. करून पीएच.डी.कडे आलो, त्यामुळे प्रश्न माझाही आहे. आज एक उदाहरण घेऊन बोलू. विषय आहे गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या गावशाळा. हा विषय निवडायचं कारण सोपं आहे. त्याच्याविषयी दोन ठाम मतं तयार आहेत, आणि दोन्ही मतं बहुतेक वेळा कागद न बघताच मांडली जातात. एक मत म्हणतं, पोर्तुगीजांनी गोव्याला शिक्षण दिलं. दुसरं म्हणतं, त्या शाळा म्हणजे निव्वळ धर्मांतराचे कारखाने. संशोधकाचं काम या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी सुरू होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1510 मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतलं, म्हणजे मुख्यतः तिसवाडी. बारदेश आणि साष्टी 1543 मध्ये कायमचे पोर्तुगीजांकडे आले. या तीन तालुक्यांना जुनी काबिजाद म्हणतात. आपण ज्या शाळांबद्दल बोलतोय त्या प्रामुख्याने इथल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा वगैरे नवी काबिजाद अठराव्या शतकात आली, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे 'गोव्यात असं झालं' असं सरसकट वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. कुठला तालुका आणि कुठलं शतक, हे दोन्ही सांगावं लागतं.

कामाची वाटणीही झाली होती. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइटांकडे. प्रत्येक गावी चर्च, चर्चची एक फिर्गज, म्हणजे धर्मग्राम, आणि तिचा प्रमुख पाद्री विगार. चर्चच्या बाजूला किंवा पडवीत शाळा. या शाळांच्या सुरुवातीसाठी पुस्तकांत बहुतेक 1545 हे साल येतं. शिकवायचं काय? दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं. त्यासोबत अक्षरओळख, थोडं गणित आणि संगीत.

संगीत हा या गोष्टीतला सगळ्यात मजेशीर भाग, त्याच्याकडे परत येऊच. त्याआधी एक अवघड गोष्ट. या शाळा मोकळ्या हवेत उगवल्या नव्हत्या. 1541 मध्ये गोव्यात सांता फे नावाचा संघ स्थापन झाला आणि त्यातून सेंट पॉल कॉलेज उभं राहिलं. 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना याच कॉलेजात आला. पण याच काळात देवळं पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. आई-वडील वारलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करायचा हुकूम 1559 मध्ये निघाला. 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं, ते मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत टिकलं. हे सगळं बाजूला ठेवून 'शाळा किती चांगल्या होत्या' असं लिहिणं म्हणजे प्रयोगातला कंट्रोल काढून टाकून निष्कर्ष लिहिण्यासारखं आहे.

आता पैशाचा प्रश्न, कारण संस्थांचा इतिहास मला तरी हिशेबाच्या वहीतून जास्त कळतो. शाळेत शिकवणारा माणूस म्हणजे मेस्त्रे. तोच चर्चमध्ये गायकवृंद चालवायचा, तोच ऑर्गन किंवा व्हायोलिन वाजवायचा आणि तोच मुलांना बाराखडी शिकवायचा. त्याचा खर्च पोर्तुगीज राजाच्या खजिन्यातून येत होता असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गावच्या चर्चचा आणि मेस्त्रेचा बराच भार गांवकरीवर होता. गांवकरी, पोर्तुगीज कागदांत कोमुनिदाद, ही पोर्तुगीजांच्याही आधीपासूनची संस्था. गावची शेतजमीन सामाईक, तिचा लिलाव, त्यातून बांध-बंधाऱ्यांचा आणि देवळाचा खर्च, उरलेलं गांवकऱ्यांत वाटप. देऊळ गेलं, चर्च आलं, पण खर्च करणारी वही तीच राहिली. म्हणजे ज्या शाळांना आपण 'पोर्तुगीज शिक्षण' म्हणतो त्या बऱ्याच अंशी गावच्या भाताच्या पैशावर चालल्या. एवढं एक वाक्य नीट सिद्ध करायलाही कुणाला तरी पूर्ण प्रबंध लागेल.

भाषेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. पहिल्या शंभर वर्षांत चर्चचं धोरण स्थानिक भाषेच्या बाजूने होतं, आणि त्याचं कारण प्रेम नसून गरज होती. पोर्तुगीजमधून सांगितलेलं दोतोर्न साष्टीतल्या पोराला कळणार कसं? म्हणून पाद्र्यांना भाषा शिकायला लावली. 1606 च्या प्रांतिक धर्मपरिषदेने तर फिर्गजेच्या पाद्र्याला स्थानिक भाषा यायलाच हवी असा नियम केला. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे याचं मोठं उदाहरण. त्याचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ओव्यांची संख्या जवळपास अकरा हजार, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. आपली जुनी पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय, असं नव्या ख्रिस्ती लोकांनी विचारलं आणि त्यातून हा ग्रंथ आला. दोतोर्नची त्याची कोंकणी प्रत त्याच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये छापली गेली आणि कोंकणीचं व्याकरण 1640 मध्ये. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुराण मराठीत, पण मुलांचं दोतोर्न कोंकणीत. देवाधर्माच्या ग्रंथाची भाषा वेगळी आणि घरची भाषा वेगळी, ही त्या काळच्या गोव्याची रीत स्टीफन्सने अचूक पकडली होती. मराठी-कोंकणी वादात दोन्ही बाजू त्याला आपल्याकडे ओढतात, त्याचं मूळ इथे आहे.

मग 27 जून 1684 ला व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होरचा हुकूम आला. लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि पाद्र्यांनी व शाळामास्तरांनी शिकवणंही पोर्तुगीजमध्येच करावं. हा आल्व्होर आपल्या ओळखीचा आहे. 1683 च्या शेवटी संभाजी महाराजांनी गोव्यावर जी स्वारी केली, जुवे बेट घेतलं, साष्टी-बारदेशात फौजा घातल्या, तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय हाच होता. घाबरून त्याने आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवपेटीत ठेवला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. जानेवारी 1684 मध्ये मुघल फौजा कोंकणात उतरल्या म्हणून महाराजांना परतावं लागलं, आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांत हा भाषेचा हुकूम. शेजारचं राज्य आणि आपली प्रजा एकाच प्रकारची बोली बोलतात याची भीती सत्तेला वाटली असणं अगदी शक्य आहे. पण दोन घटना पाठोपाठ आल्या म्हणून एक दुसरीचं कारण, असं प्रबंधात लिहिलंत तर व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच येईल. कारण धर्मसंघांच्या आतलं राजकारणही तितकंच जोरात होतं. स्थानिक भाषा शिकायचा नियम बऱ्याच पाद्र्यांना जड जात होता, आणि स्थानिक पाद्री फिर्गजा मागू लागले होते.

हुकमाचा परिणाम काय झाला? इथे माझा आवडता नियम वापरून बघा. एखादा हुकूम पुन्हा पुन्हा निघतो तेव्हा तो पाळला जात नसतो. 1684 चा हुकूम यशस्वी झाला असता तर 1745 मध्ये आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांना पाद्री होऊ इच्छिणाऱ्यांना पोर्तुगीज सक्तीची करायची गरजच पडली नसती. 1858 मध्ये कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहिला. हे जुने हुकूम त्याने एकत्र छापले आणि भाषा दडपण्याच्या धोरणावर कडक टीका केली. आज आपण 1684 बद्दल जे काही म्हणतो त्यातलं बरंचसं या एका पुस्तकातून येतं. म्हणून तुमच्या विषयातही बघा, दहा पुस्तकांत दिसणारी माहिती खरंच दहा ठिकाणांहून आली आहे की एकाच झऱ्याचं पाणी दहा हंड्यांत आहे.

कोंकणी मेली नाही, पण मार खाल्ला. लिहिण्याची परंपरा आटली. शाळेत पोर्तुगीज, चर्चमध्ये लॅटिन, घरी आणि शेतात कोंकणी, असे तीन मजले तयार झाले. 1759 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, 1835 मध्ये बाकीचे धर्मसंघही बंद झाले. सगळं कोसळायला हवं होतं. फिर्गजेची शाळा मात्र तगली, कारण ती मोठ्या संघांवर उभी नव्हती. ती मेस्त्रेवर उभी होती, आणि मेस्त्रे गावचाच होता.

आता संगीत. या शाळेत मुलगा आधी गळ्याने स्वर वाचायला शिकायचा. समोर स्वरलिपी, हाताने ताल, तोंडाने दो-रे-मी. ते पक्कं झालं की मगच हातात व्हायोलिन. उद्देश साधा होता, रविवारच्या मिस्साला आणि फेस्ताला गाणारे-वाजवणारे हवेत. पण कौशल्याची एक गंमत असते, ते ज्या कामासाठी शिकवलं त्याच कामाला चिकटून बसत नाही. हीच पोरं पुढे मांडो वाजवू लागली, लग्नात वाजवू लागली. एकोणिसाव्या शतकात गोव्यात पोट भरेना तेव्हा ती ब्रिटिश मुलखात गेली. धोबी तलावच्या आसपास गावोगावचे कुड, म्हणजे गाववाल्यांच्या खोल्या, आणि कामं बँडमध्ये, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरात. 1892 मध्ये मुंबईत पहिलं तियात्र झालं, त्यालाही वाजवणारे लागलेच.

पुढे हिंदी सिनेमा आला. संगीतकार चाल गुणगुणायचा, पण साठ वादकांना ती एकाच वेळी वाजवायला लावायची तर कुणीतरी कागदावर उतरवायला हवी. ते काम ज्यांना येत होतं त्यांत गोंयकार पुढे होते. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस माजोर्ड्याचे, वडील तिथल्याच चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त्रे. पुढे मुंबईत प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या गाण्यात प्यारेलालनी गुरूचं नाव घातलं. आपण सगळे ते नाव गुणगुणलोय, मागे एका गावशाळेची तालीम आहे हे माहीत नसताना.

इथे थोडं थांबा मात्र. आपल्यापर्यंत नावं पोचली ती यशस्वी झालेल्यांची. त्याच पडवीत बसून दो-रे-मी म्हणणारी आणि नंतर जहाजावर खलाशी, बंगल्यावर आचारी झालेली शेकडो मुलं आकड्यांत कुठेच नाहीत. ही मुख्यतः मुलग्यांची दुनिया होती, आणि चर्चच्या पायरीवरही जात सुटलेली नव्हती. काही कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चमधले मानाचे संघ, ठराविक जातींपुरतेच होते. फक्त गोन्साल्विसांकडे बघून शाळेचं मूल्यमापन करणं म्हणजे सँपलिंगची उघड चूक.

स्थलांतराने शाळेचा हेतूही बदलला. मुंबईत नोकरी हवी तर पोर्तुगीज काय कामाची? 1887 मध्ये विल्यम लायन्स या पाद्र्याने बारदेशात हडफड्याला सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली. पोर्तुगीज राज्यात, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिककडे डोळे लावून बसलेली शाळा! पालकांनी कुठल्याही हुकमाशिवाय भाषा निवडली होती. मला तरी हा 1684 च्या हुकमापेक्षा मोठा भाषाबदल वाटतो.

आणि आता शेवटचा भाग, जो अजून चालू आहे. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1987 मध्ये कोंकणी राजभाषा झाली. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते कोंकणी किंवा मराठी माध्यम असेल तरच. चर्चच्या प्राथमिक शाळा तेव्हा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या होत्या. आर्चबिशप राऊल गोन्साल्विस यांच्या काळात धर्मप्रांताने आपल्या शाळा कोंकणीत नेल्या. ज्या चर्चच्या शाळांतून कोंकणी हाकलायचा हुकूम तीनशे वर्षांपूर्वी निघाला, त्याच शाळा कोंकणी माध्यमाच्या सर्वात मोठ्या आधार झाल्या. पालक खूश नव्हते. ज्यांना परवडलं त्यांनी मुलं विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातली, म्हणजे कोंकणी वर्गात उरली ती बहुतांशी गरिबांची. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान दिलं, आणि त्यावर मराठी-कोंकणीवाले एकत्र रस्त्यावर उतरले.

या भांडणात एक बारीक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. शाळेतली कोंकणी देवनागरीत, चर्चमधली प्रार्थनापुस्तकं रोमी लिपीत. म्हणजे साष्टीतलं आठ वर्षांचं पोर सोमवार ते शनिवार एका लिपीत कोंकणी वाचतं आणि रविवारी दुसऱ्या लिपीत. या मुलांचं वाचन नेमकं कसं घडतं, कुठली लिपी आधी पक्की होते, गणिताचं शाब्दिक उदाहरण वाचताना ती कुठे अडखळतात, हे वर्गात बसून मोजता येतं. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र यातून कुणी विषय शोधत असेल तर हा घ्या. पोर्तुगीज शिकायची गरज नाही, पण दोन्ही लिप्या वाचता यायला हव्यात.