व्यवसाय प्रशासन पदवी आणि पूर्ववैद्यकीय अभ्यासक्रम (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये वैद्यकीय शिक्षण सामान्यतः चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवण्यासाठी पदवीच्या काळात जे ठरावीक विषय पूर्ण करावे लागतात, त्यांना एकत्रितपणे पूर्ववैद्यकीय अभ्यासक्रम किंवा 'प्री-मेड' असे म्हणतात. ही स्वतंत्र पदवी नसून केवळ विषयांची यादी आहे. त्यामुळे वित्त, लेखाशास्त्र, विपणन किंवा व्यवस्थापन या विषयांत पदवी घेणारा विद्यार्थीही हे विषय पूर्ण करून वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करू शकतो. मात्र दोन्ही अभ्यासक्रमांतील सक्तीचे विषय बहुतांशी वेगळे असल्याने या मार्गात नियोजनाला विशेष महत्त्व आहे.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेशासाठी पदवीची अट नव्हती. आनंदीबाई जोशी यांनी इ.स. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. ही पदवी मिळवली, तेव्हा त्यांच्याकडे आधीची कोणतीही महाविद्यालयीन पदवी नव्हती. इ.स. १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशासाठी पदवी आवश्यक ठरवली. इ.स. १९१० मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी लिहिलेल्या अहवालात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या पूर्वतयारीवर भर देण्यात आला. आजच्या पूर्ववैद्यकीय विषयांचा पाया या सुधारणांमध्ये आहे.

विषयांची रचना

प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या अटी वेगळ्या असल्या, तरी पुढील विषय बहुतेक ठिकाणी अपेक्षित असतात:

* जीवशास्त्र – प्रयोगशाळेसह दोन सत्रे
* सामान्य रसायनशास्त्र – प्रयोगशाळेसह दोन सत्रे
* सेंद्रिय रसायनशास्त्र – प्रयोगशाळेसह एक किंवा दोन सत्रे
* भौतिकशास्त्र – प्रयोगशाळेसह दोन सत्रे
* जीवरसायनशास्त्र – एक सत्र
* गणित किंवा संख्याशास्त्र, तसेच इंग्रजी लेखन

यांतील केवळ विज्ञान विषयांचे साधारणतः ३५ श्रेयांक होतात. पदवीसाठी सुमारे १२० श्रेयांक लागतात. व्यवसाय प्रशासनाच्या विद्यार्थ्याला त्यातच वित्तीय व व्यवस्थापकीय लेखांकन, अर्थशास्त्र, वित्त, विपणन, व्यवसाय कायदा, उत्पादन व्यवस्थापन आणि निवडलेल्या शाखेचे विषय बसवावे लागतात. संख्याशास्त्र, कलनशास्त्र आणि लेखन हे मोजकेच विषय दोन्हीकडे उपयोगी पडतात. परिणामी वैकल्पिक विषयांसाठी फारशी जागा उरत नाही.

कालक्रम

सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय क्रमानेच घ्यावे लागतात. ही साखळी पूर्ण होण्यास साधारणतः चार ते पाच सत्रे लागतात. पहिल्या वर्षीच सुरुवात केलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रवेश परीक्षा देऊन त्याच उन्हाळ्यात अर्ज करू शकतो आणि पदवीनंतर लगेच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होऊ शकतो. दुसऱ्या वर्षी सुरुवात केल्यास बहुधा पदवीनंतर एक वर्ष थांबावे लागते किंवा उन्हाळी सत्रांचा आधार घ्यावा लागतो.

तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा हा या मार्गातील सर्वांत अवघड टप्पा मानला जातो. व्यवसाय शाखेतील विद्यार्थी या काळात कंपन्यांमध्ये आंतरवासिता करतात आणि अनेकांना तेथूनच नोकरीचा प्रस्ताव मिळतो. वैद्यकीय प्रवेशाचे अर्ज, रुग्णालयातील स्वयंसेवा आणि डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण यांसाठीही हाच काळ वापरला जातो.

प्रवेश परीक्षा आणि गुणांची गणना

वैद्यकीय महाविद्यालय प्रवेश चाचणी (एमकॅट) इ.स. २०१५ पासून चार विभागांत घेतली जाते. तिचे गुण ४७२ ते ५२८ या दरम्यान दिले जातात. तीन विभाग नैसर्गिक व वर्तनविषयक विज्ञानांचे असून चौथा आकलन व तर्कविचाराचा आहे. मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही समावेश असल्याने व्यवसाय शाखेच्या विद्यार्थ्याला त्यांची वेगळी तयारी करावी लागते.

एम.डी. अभ्यासक्रमांच्या सामायिक अर्जसेवेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची गुणसरासरी स्वतंत्रपणे काढली जाते. लेखांकन किंवा विपणन यांतील उत्तम श्रेणींमुळे एकूण सरासरी वाढते, पण विज्ञानाची वाढत नाही. विषय पुन्हा घेतला, तरी आधीच्या प्रयत्नातील श्रेणीही गणनेत राहते. त्यामुळे पहिल्या वर्षी जास्त विषय एकदम घेऊन मिळालेली कमी श्रेणी पुढे पुसता येत नाही.

फायदे आणि मर्यादा

वैद्यकीय प्रवेश न मिळाल्यास किंवा विचार बदलल्यास व्यवसाय पदवीच्या आधारे नोकरी मिळू शकते. पुढे स्वतःचा दवाखाना चालवताना, विमा कंपन्यांशी व्यवहार करताना किंवा रुग्णालयाच्या प्रशासनातही या शिक्षणाचा उपयोग होतो.

मात्र व्यवसाय पदवी म्हणून प्रवेशात वेगळे प्राधान्य मिळत नाही. मुलाखतीत वैद्यकीय क्षेत्र निवडण्यामागचे कारण विचारले जाते आणि ते रुग्णसेवेच्या अनुभवातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा असते. अनेक महाविद्यालये विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात. व्यवसाय शाखेच्या विद्यार्थ्याचा या प्राध्यापकांशी संबंध कमी येत असल्याने त्यासाठी आधीपासून प्रयत्न करावे लागतात.

पर्यायी मार्ग

* विज्ञान शाखेत पदवी घेऊन व्यवसाय हा दुय्यम विषय ठेवणे.
* एकत्रित अभ्यासक्रम निवडणे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॅगेलोस जीवशास्त्र व व्यवस्थापन कार्यक्रमात विद्यार्थ्यांना कला व विज्ञान महाविद्यालय आणि व्हार्टन स्कूल अशा दोन्हींच्या पदव्या मिळतात.
* व्यवसाय पदवी पूर्ण करून नंतर पदव्युत्तर पूर्वतयारी कार्यक्रमात विज्ञान विषय घेणे.
* वैद्यकीय शिक्षणासोबत एम.बी.ए. करणे. हा एम.डी.-एम.बी.ए. संयुक्त अभ्यासक्रम सामान्यतः पाच वर्षांचा असतो.

भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

भारतात एम.बी.बी.एस.चा प्रवेश बारावीनंतर 'नीट' परीक्षेद्वारे होतो आणि त्यासाठी पदवीची गरज नसते. त्यामुळे पूर्ववैद्यकीय टप्पा येथे अस्तित्वात नाही. व्यवस्थापनाची आवड असलेले डॉक्टर सहसा एम.बी.बी.एस.नंतर एम.बी.ए. किंवा रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतात. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेत असा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत पदवी घेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते. तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांचे अर्ज स्वीकारत नाहीत. म्हणून पदवीला प्रवेश घेण्यापूर्वीच इच्छित वैद्यकीय महाविद्यालयांचे नियम तपासणे आवश्यक ठरते.