शिक्षकाची तळमळ आणि समाजाची जबाबदारी

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला जो मंत्र दिला त्यातला पहिलाच शब्द 'शिका' हा आहे. विहाराच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो, जयंतीच्या भाषणात तो हमखास येतो. पण शिकायचे म्हटले की शिकवणारा कोणीतरी लागतोच, आणि त्या शिकवणाऱ्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. बोललोच तर दोन टोकांचे बोलतो. एक तर "पूर्वीचे गुरुजी तळमळीचे होते, आताचे मास्तर नुसत्या पाट्या टाकतात" असे म्हणतो. नाही तर ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालतो आणि मोकळे होतो.

ही तळमळ म्हणजे नेमके काय? ती कुठून येते? आणि अपमान, उपासमार, आजारपण सोसूनही काही शिक्षकांच्या अंगी ती जन्मभर कशी टिकली? याचे उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. तो इतिहास एकदा या अंगाने पाहायला हवा.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मुलींना शिकवायला बाई आणायची कुठून, हा मोठाच प्रश्न होता. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले. पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले. ही गोष्ट आपण नेहमी विसरतो. नुसती तळमळ आहे म्हणून त्या वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. शिकवायचे कसे, हेही त्या शिकल्या. ज्याला कामाचा ध्यास असतो तो कामाची तयारीही करतो.

शाळेच्या वाटेवर लोक शेण-चिखल फेकत, म्हणून माई एक जादा लुगडे सोबत ठेवत, ही आठवण आपल्या घराघरात सांगितली जाते. १८४९ साली तर समाजाच्या दबावापुढे जोतीरावांच्या वडिलांनीच दोघांना घराबाहेर काढले. त्या वेळी गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमाबी शेख शाळेच्या कामात त्यांच्या सोबतीला आल्या.

या फातिमाबींचा उल्लेख सावित्रीबाईंच्या एका पत्रात आहे. १० ऑक्टोबर १८५६ चे हे पत्र त्यांनी नायगावहून, म्हणजे माहेरून, जोतीरावांना लिहिले आहे. माई आजारी होत्या, विश्रांतीसाठी भावाकडे आल्या होत्या. तिथेही भावाने महार-मांगांसाठी चाललेल्या कामावरून त्यांना बोल लावला, आणि माईंनी त्याला समजावून सांगितले. त्याच पत्रात त्या फातिमेची आठवण काढतात. आपल्या पश्चात तिला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा अर्थाचे ते बोल आहेत. अंथरुणावर पडलेल्या बाईच्या मनात शाळा आहे, आणि शाळेत एकटी राबणारी सहकारीही आहे. तळमळ म्हणतात ती हीच. पण त्याचबरोबर दुसरी गोष्टही दिसते. माई एकट्या नव्हत्या. घरात जोतीराव होते, शाळेत फातिमाबी होत्या, राहायला उस्मानभाईंनी जागा दिली होती, आणि पुढे सरकारच्या दक्षिणा फंडातूनही शाळांना मदत मिळाली. त्यांच्या ध्यासाला माणसांचा टेकू होता.

त्या कामाचे फळ काय? १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जिच्या जातीला अक्षराची बंदी होती ती पोरगी समाजाला जाब विचारू लागली. शिक्षकाला याहून मोठी पावती कोणती मिळणार? आपण शिकवलेले मूल आपल्या पायावर उभे राहून बोलते आहे, हे ज्याने एकदा पाहिले त्याला ते काम सोडवत नाही. तळमळीचे मूळ इथे आहे. ती नुसती जन्मजात नसते, मुलाच्या डोळ्यांत उजेड पडताना पाहिला की ती वाढत जाते.

आता जोतीरावांची दुसरी बाजू पाहू. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकांच्या पगाराचाही हिशेब मांडला आहे. गावच्या शिक्षकांना क्वचितच दहा रुपयांवर पगार मिळतो आणि बरेचसे प्रशिक्षण न घेतलेलेच असतात, अशी त्यांची तक्रार होती. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातला, लोकांत मिसळणारा असावा, त्याला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा-वीस रुपये पगार द्यावा, आणि चांगले काम करणाऱ्याला जादा भत्ता द्यावा, असे त्यांनी सुचवले.

बघा, ज्यांनी स्वतः पदरमोड करून शाळा चालवल्या ते जोतीराव इतर शिक्षकांना "फुकट राबा, समाजसेवा समजा" असे सांगत नाहीत. स्वतःच्या त्यागाची फूटपट्टी त्यांनी दुसऱ्याच्या पोटाला लावली नाही. पोटाला चिमटा घेऊन दोन-चार माणसे आयुष्य काढतील, पण गावोगावच्या शाळा तशा चालत नाहीत, हे त्यांना पक्के कळले होते.

पुण्यानंतर आपल्याच समाजातल्या एका बाईची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नागपूरबाहेर तिचे नाव फार कमी लोकांना माहीत आहे. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेडला महार कुटुंबात झाला. नवव्या वर्षी लग्न, आणि मग पोटासाठी हमाली, डोक्यावर ओझी वाहायची. एका मिशनरी बाईच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला, आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली.

इथे थोडे थांबून विचार करा. हमालीतून वर आलेल्या बाईची नोकरी गेली. ती पुन्हा ओझी वाहायला गेली असती तर कोणी दोष दिला नसता. पण १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. नोकरी गेली, शिकवणे गेले नाही. नोकरी आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे जाईबाईंनी करून दाखवले. पण हेही लक्षात ठेवू या की त्यांची पहिली नोकरी पालकांच्या विरोधामुळे गेली होती. पालक शिक्षकाला उभे करू शकतात तसे उखडूनही टाकू शकतात.

शिक्षकाची तळमळ वर्गापुरती नसते, याचे उदाहरण तर बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. भीमराव त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. तरी गुरुजींनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या मदतीसाठीही त्यांनीच शब्द टाकला. शाळेचे तास संपल्यावर बागेत बसलेल्या परक्या मुलाकडे वळून पाहण्याचे कोणत्याही नोकरीत बंधन नसते. पण त्या वळून पाहण्यातून एक पुस्तक मुलाच्या हाती पडले, आणि त्या वाटेचे पुढले टोक १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आहे.

बाबासाहेब स्वतःही शिक्षक होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, असा काहींचा भाव होता. पण त्यांची तयारी आणि व्यासंग असा की पुढे दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. पाण्याच्या भांड्यावरून मात्र सहकारी प्राध्यापकांनी कटकट केलीच.

हे सारे भोगलेल्या माणसाने पुढे काय केले? संस्था उभ्या केल्या. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत. १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज निघाले. त्याचे नाव पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसराचे नाव नागसेनवन. ही नावे सहज ठेवलेली नाहीत. राजा मिलिंद प्रश्न विचारून भल्याभल्यांना निरुत्तर करीत असे, आणि भदंत नागसेन त्याच्या प्रत्येक प्रश्नाला न कंटाळता, उपमा देऊन उत्तर देत. विद्यार्थी कसा असावा आणि शिक्षक कसा असावा, हे बाबासाहेबांनी नावांतूनच सांगून ठेवले. म. भि. चिटणीस यांच्यासारखे प्राचार्य आणि पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक त्या आवारात शिकवून गेले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या पोरांना तिथे वर्ग मिळाला, वसतिगृह मिळाले. एकट्या शिक्षकाच्या तळमळीला बाबासाहेबांनी छप्पर दिले.

आता आजचे पाहू. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे पूर्ण पगार नाही, मानधन. २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १६,००० रुपये झाले, त्याआधी ते ६,००० होते. विनाअनुदानित शाळांत आणि तासिका तत्त्वावर कॉलेजांत राबणारी मुले-मुली वेगळीच. डी.एड., बी.एड. झालेली अशी लेकरे आपल्या घरांतही आहेत. शिवाय निवडणुकीची कामे, जनगणनेची कामे, माहितीचे कागद. अशा शिक्षकाला आपण "सावित्रीमाईंनी शेण सोसले, तुम्हाला एवढेही जमत नाही?" असे ऐकवतो तेव्हा माईंचा आदर होत नाही, त्यांच्या नावाने दुसऱ्याला गप्प केले जाते.

याचा अर्थ कामचुकार शिक्षकाला सूट द्यावी असा नाही. पूर्ण पगार घेऊन वर्गात पाय न ठेवणारेही आहेत, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारण्याचा हक्क पालकसभेला जाणाऱ्याला असतो. पोराची वही महिनोन्महिने न उघडणाऱ्याने मास्तरांच्या तळमळीवर बोलू नये.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याचा जुना भिडे वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक व्हायलाच हवे. पण त्या वाड्यात जे काम चालले त्याची आठवण आपल्या वस्तीत कशी राहणार, हे आपल्याच हातात आहे. विहाराची जागा संध्याकाळी रिकामी असते. तिथे दहावीच्या पोरांचा अभ्यास घ्यायला वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तयार होईलही. पहिला महिना ती उत्साहाने येईल. सहाव्या महिन्यातही तिने यावे असे वाटत असेल तर दिवाबत्ती, फळा-खडू, वेळेवर पोरे पाठवणारे आईबाप आणि तिच्या हाती काही मानधन, एवढे तरी आपण उभे केले पाहिजे. वर्धापनदिनाच्या हिशेबात मंडप, लाउडस्पीकर आणि भोजनदान यांच्या खर्चाच्या ओळी दर वर्षी असतात. येत्या वर्षी त्यांच्या खाली 'अभ्यासिकेच्या शिक्षिकेचे मानधन' ही एक ओळ आणखी लिहू या.