मिथक फोडणे आणि मिथक उलटणे

इंग्रजीत 'मिथ' हा शब्द सहसा एकटा येत नाही. 'मिथ अँड रिअॅलिटी' अशी जोडी जुळते. किंवा मिथ 'एक्सप्लोड' केले जाते, म्हणजे फोडले जाते. या शब्दजोड्यांत एक गृहीत दडले आहे: मिथक खोटे, आणि खोटे उघडे पडले की प्रश्न मिटला. मला हे गृहीत मान्य नाही.

पुरुषसूक्तातील, शूद्र पायांपासून जन्मल्याची कथा इंग्रजीत 'क्रिएशन मिथ' ठरते. परंतु तिला धर्मशास्त्रांनी कायद्याचे बळ कसे दिले, हे बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात दाखवले. जिच्या आधारे ज्ञान, शस्त्र आणि संपत्ती नाकारली गेली, ती कथा भोगणाऱ्यांपुरती वास्तवच होती.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त वामनाच्या तीन पावलांची थट्टा तर केलीच. परंतु ते तेथे थांबले नाहीत. त्यांनी कथा उलटी वाचली. वामन आक्रमक ठरला, बळी रयतेचा राजा. आजही ओवाळताना बाया बळीचे राज्य मागतात. ही लोकस्मृती त्यांनी साक्षीला उभी केली.

मिथकात कोण हरले, कोणाची भूमी गेली, हा प्रश्न 'एक्सप्लोड'मध्ये मावत नाही. आपल्या इतिहासलेखनाची सुरुवात मात्र त्याच प्रश्नापासून होते.