घरातल्या तसबिरींची भिंत

आपल्या जुन्या घरांत ओटी ओलांडून आत पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवरील तसबिरींची ओळ दृष्टीस पडे. मध्यभागी येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर, तिच्यापुढे लहानसा लाल दिवा, एका बाजूस पवित्र मरिया, दुसऱ्या बाजूस संत योसेफ किंवा संत आंतोन. आणि खालच्या अंगाला आजी-आजोबांची छायाचित्रे, लग्नाचे फोटो, घराण्यातून धर्मगुरू झालेल्या मुलाच्या गुरुदीक्षेचा फोटो. तसबिरी वरून किंचित पुढे झुकलेल्या असत. खाली गुडघे टेकून जपमाळ म्हणणाऱ्यांना त्या नीट दिसाव्यात, काचेवर दिव्याची तिरीप चमकू नये, हा त्यामागचा हेतू. (मागच्या सांदीत चिमण्यांचीही सोय होई, हा भाग निराळा.) ही मांडणी फार प्राचीन आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः अशा भिंतीचे वय फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहे.

पवित्र प्रतिमांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण अर्थातच त्याहून कितीतरी जुनी. प्रतिमेला दिलेला मान तिच्यात ज्याचे रूप आहे त्यालाच पोहोचतो, हे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पुन्हा एकदा स्पष्ट केले. परंतु रंगविलेले चित्र ही महागडी वस्तू होती. ती चर्चच्या वेदीवर असे, श्रीमंतांच्या वाड्यात असे. कष्टकऱ्याच्या मातीच्या भिंतीवर ती कोठून येणार? फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरी अलाकोक यांना १६७३ ते १६७५ या काळात पवित्र हृदयाची दर्शने झाली. त्यानंतर जवळजवळ शतकाने, १७६७ मध्ये, पोंपेओ बातोनी यांनी रोममधील जेझू चर्चसाठी हातात प्रज्वलित हृदय धरलेल्या ख्रिस्ताचे चित्र रंगविले. पुढच्या असंख्य तसबिरींचा साचा या चित्राने घालून दिला. मात्र तो घरोघरी पोहोचला छपाईमुळे.

जर्मनीत आलोईस सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शिळाछापाची कला शोधून काढली. आपल्या कित्येक जुन्या मराठी पोथ्या ज्या शिळाप्रेसवर निघाल्या, तीच ही कला. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून रंगीत चित्रे छापण्याचे तंत्र रूढ झाले आणि वार्निश चढवून तैलचित्राचा भास देणारी ‘ओलिओग्राफ’ चित्रे स्वस्तात मिळू लागली. युरोपात स्वित्झर्लंडमधील बेन्झिगरसारख्या कॅथलिक प्रकाशन संस्थांनी धार्मिक चित्रांच्या छपाईत मोठे नाव मिळविले. आपल्याकडे पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये निघाली, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. शेजारच्या हिंदू घरातील लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर आणि आपल्या घरातील पवित्र हृदयाची तसबीर या एकाच तंत्राच्या लेकी आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

चित्र घरात आले तरी त्याला मध्यवर्ती जागा मिळाली ती एका विधीमुळे. मूळचे पेरू देशाचे धर्मगुरू मातेओ क्रॉली-बोवी यांनी १९०७ मध्ये पारे-ल-मोनियाल येथून कुटुंबात पवित्र हृदयाची प्रतिष्ठापना करण्याची चळवळ आरंभिली. पोप दहावे पायस यांनी तिला आशीर्वाद दिला. धर्मगुरूंनी तसबिरीवर आशीर्वाद द्यावा, ती घरातील मुख्य दालनात सन्मानाच्या जागी बसवावी आणि कुटुंबाने स्वतःला ख्रिस्तराजाच्या स्वाधीन करावे, असा हा विधी. मग राजा मध्यभागी, त्याची माता व संत शेजारी आणि पायथ्याशी घरची माणसे, हयात आणि दिवंगत एकत्र, ही मांडणी ओघानेच आली. विधीच्या वेळी प्रमाणपत्रावर घरातील माणसे सह्या करीत आणि तेही चौकटीत घालून जवळच टांगले जाई. एखाद्या घरात पणजीच्या हातची अक्षरे आज शिल्लक असतील, तर ती बहुधा याच कागदावर.

पुढे या भिंतीवर नवे थर चढले. शिकागोचे प्रोटेस्टंट चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९४० मध्ये रंगविलेले ख्रिस्तमुख पंथाची सीमा न जुमानता कॅथलिक घरांतही शिरले. दैवी करुणेचे मूळ चित्र १९३४ सालचे, सिस्टर फाउस्तिना यांच्या सांगण्यानुसार विल्नियस येथे काढलेले. तिला २००० साली संतपद मिळाले आणि त्याच वर्षी दैवी करुणेचा सण अखिल ख्रिस्तसभेसाठी जाहीर झाला.

एका चित्रकाराला मात्र या भिंतीने जागा दिली नाही, याची खंत वाटते. गोव्यातील सांतू एस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ मध्ये निवर्तले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिला इथल्या स्त्रीचा सावळा वर्ण दिला. स्वकीयांनी त्यांच्यावर टीका केली. जी मरिया आपल्या आजीसारखी दिसते ती परकी, आणि निळ्या डोळ्यांची ती आपली, असा हा उलटा न्याय होता. त्यांची अनेक चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत; आपल्या दिवाणखान्यांत ती क्वचितच दिसतात.

आता जुनी घरे पाडली जात आहेत. फ्लॅटच्या भिंतीवर सारख्या मापाच्या, सारख्या रंगाच्या चौकटी लावण्याची रीत आली आहे. देखणेपणाला आमचा विरोध नाही. पण माप जुळत नाही म्हणून विटलेली तसबीर बाजूला पडते. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, जाळावी किंवा पुरावी, ही जुनी शिस्त तिच्या बाबतीत तरी पाळली जाते. तिच्यासोबतच्या गठ्ठ्यातील फोटो मात्र रद्दीत जातात आणि कधी कधी ते सह्यांचे प्रमाणपत्रही. म्हणून भिंत नव्याने रचताना आधी नाते पाहावे, मग माप. सर्व चौकटी जमिनीवर मांडून जुळवाव्यात. मधली तसबीर जुनीच ठेवावी, तिची चौकट हवी तर बदलावी. कडक ऊन येणारी भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवले की मागून हवा खेळते. मूळ फोटो जपून ठेवून भिंतीवर त्याची प्रत लावावी. आणि घरातील सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवून प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव व वर्ष लिहून घ्यावे, तेही मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने, कारण शाई काळांतराने चेहऱ्यावर उमटते.