वर्गमित्र कोणाच्या वाट्याला येतात?

नांदुरा, मलकापूर, खामगाव, शेगाव अशा आपल्या भागातल्या गावांत आता दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे जोरात होतात. तीस-तीस वर्षांनी जुने सवंगडी भेटतात, गुरुजींचा सत्कार होतो, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो. चांगली गोष्ट आहे. पण आंबेडकरी तरुणांनी इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. वर्गमित्र मिळणे हा नशिबाचा भाग आहे की हक्काचा? ज्याला शाळाच मिळाली नाही, त्याची बॅच कोणती? ज्यांचे घरदार गेले, गाव सुटले, त्या निर्वासितांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

सुरुवात महाराष्ट्रातूनच करू. 1939 च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरने आणि पूर्वेकडून स्टॅलिनने हल्ला केला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलली गेली. अनेकांचे आईबाप थंडीने, भुकेने आणि रोगाने मेले. 1942 मध्ये वाचलेली माणसे इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतली सुमारे पाच हजार माणसे 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

या छावणीत त्यांना फक्त छप्पर आणि धान्य मिळाले नाही. तिथे चर्च होते, दवाखाना होता, टपाल कचेरी होती, नाटके होत होती. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शाळा होत्या, आणि त्या प्राथमिकच्या पुढेही जात होत्या. सैबेरियात भाकरीच्या तुकड्यासाठी झुरलेले पोर वळिवड्यात पुन्हा विद्यार्थी झाले. त्याला वही मिळाली, बाक मिळाला, शेजारी बसणारा मित्र मिळाला. निर्वासिताचा पुन्हा माणूस होतो तो इथे. दया दाखवली की पोट भरते, पण मान ताठ होते ती शिक्षणाने.

1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जगभर पांगली, काही पोलंडला परतली. पण बॅच तुटली नाही. त्यांनी भारतात राहिलेल्या पोलांची संघटना उभारली, मेळावे भरवले, कागदपत्रे आणि आठवणी जमवून जाडजूड ग्रंथ काढला. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ऐंशी-नव्वदीच्या घरातली ही 'मुले' पुन्हा कोल्हापूरला आली. सत्तर वर्षे टिकलेले हे नाते एका छावणीतल्या शाळेने जोडले होते.

पोल निघून गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले. आज ती वस्ती गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि तिथली कापडाची बाजारपेठ सगळ्या भागात प्रसिद्ध आहे. सिंधी माणसाने सोसले आणि कष्टाने उभा राहिला, हे कोणी नाकारणार नाही. पण त्याच फाळणीत आणखी एक निर्वासित होता, ज्याची गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही. तो अस्पृश्य निर्वासित.

त्याच्यासाठी त्या काळात देशाच्या मंत्रिमंडळातून आवाज उठवला तो बाबासाहेबांनी. 1947 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले. 18 डिसेंबर 1947 रोजी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. सफाईचे काम कोण करणार म्हणून पाकिस्तान आमच्या लोकांना सोडत नाही, आणि जे कसेबसे येतात त्यांच्याशी इथल्या छावण्यांतले अधिकारी भेदभाव करतात, अशी ती तक्रार होती. देश तुटला, सीमा बदलली, सरकार बदलले, पण जात निर्वासितांबरोबर छावणीत शिरली!

पूर्व बंगालच्या नामशूद्रांचे तेच झाले. हे कोण लोक? 1946 मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर बंगालमधून निवडून गेले, ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांच्या बळावर. मंडल याच नामशूद्र समाजाचे. आपल्यावर त्यांचे ऋण आहे. फाळणीनंतर हे लोक निर्वासित झाले, तेव्हा त्यांना बंगालपासून दूर, 1958 मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पातल्या जंगलात नेऊन टाकले. आपल्या विदर्भातही, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावे आहेत. बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेला नामशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाही, ही तिथली जुनी तक्रार आहे.

1978 मध्ये दंडकारण्यातून हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. तिथे त्यांनी सरकारची वाट न पाहता स्वतःच्या हाताने वस्ती उभारली आणि तिच्यात शाळाही काढली. 1979 च्या जानेवारीत डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात झोपड्या जाळून लोकांना हुसकावले. किती मेले यावर आजही वाद आहे. शाळा मात्र राहिली नाही, यावर वाद नाही.

आता एका माणसाकडे पाहा. मनोरंजन ब्यापारी. बारिसालच्या नामशूद्र घरातले हे पोर आईबापांबरोबर निर्वासित होऊन पश्चिम बंगालच्या छावणीत आले. शाळा नशिबी नव्हती. चहाच्या टपऱ्या, हमाली, भूक यांत बालपण गेले. अक्षरे शिकले ती विशी उलटल्यावर, तुरुंगात, एका वडीलधाऱ्या कैद्याकडून. पुढे जादवपूरला सायकल रिक्षा ओढताना त्यांनी एका प्रवासी बाईंना 'जिजीविषा' या शब्दाचा अर्थ विचारला. त्या होत्या महाश्वेता देवी. त्यांनी या रिक्षावाल्याला आपल्या मासिकात लिहायला सांगितले. पुढे त्याच माणसाचे आत्मचरित्र देशभर वाचले गेले, आणि 2021 मध्ये तो विधानसभेत निवडून गेला.

एवढा मोठा बदल! पण या माणसाला शाळेच्या स्नेहमेळाव्याला बोलवायला कोण येणार? त्याचा वर्ग म्हणजे तुरुंग आणि वर्गमित्र म्हणजे कैदी. वळिवड्याच्या मुलांना जे मिळाले ते योग्यच होते. मग तेच नामशूद्र मुलाला का मिळाले नाही? पोलिश मुलांच्या मागे लंडनमध्ये बसलेले का होईना, त्यांचे सरकार होते. नामशूद्रांच्या मागे दिल्लीत आणि कलकत्त्यात सरकार असूनही कोणी नव्हते.

आपल्याला हे नवीन नाही. 1900 मध्ये साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते. वर्ग होता, पण वर्गमित्र नव्हते. खरा वर्गमित्र भेटला तो थेट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, नवल भथेना. 1920 मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच पारशी मित्राने पैशाची मदत केली. आपल्या देशातल्या शाळेने जी मैत्री नाकारली ती परदेशातल्या वर्गाने दिली. गांधीजींना 1931 मध्ये मला मायभूमी नाही असे बाबासाहेब म्हणाले, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

म्हणून मित्रांनो, शाळा म्हणजे केवळ मार्क आणि नोकरी नव्हे. एका बाकावर बसलेली दोन मुले जातीची भिंत ओलांडू शकतात, आणि ती भिंत टिकवायची असणाऱ्यांना हे आपल्याआधी कळते. आज कमी पटसंख्येच्या नावाखाली सरकारी शाळा बंद करण्याची भाषा होते, शिष्यवृत्ती रखडते, वसतिगृहात जागा मिळत नाही. ऊसतोडणीला, वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांची लेकरे वर्षातले कित्येक महिने शाळेबाहेर असतात. ती आपल्याच देशातली निर्वासित मुले आहेत. पुढच्या जयंतीला डीजेचा खर्च थोडा कमी करा, आपल्या तालुक्यातल्या अशा मुलांची यादी करा आणि त्यांना वर्गात बसवा. आज एका मुलाला बाक मिळाला, तर तीस वर्षांनी त्यालाही हाक मारणारी बॅच असेल.

जय भीम!